८ जीबी रॅम आहे, त्यात दुसऱ्या कंपनीची १६ जीबी टाकली तर चालेल का? दुकानदार म्हणतो काही होत नाही.

चालेल. पण ते "काही होत नाही" वाचलं आणि राहवलं नाही.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. रायझेन ५ ३६०० प्रोसेसरचं मशीन, त्यात ८-८ जीबीच्या दोन स्टिक (रॅमच्या पट्ट्या) ३२०० च्या वेगावर व्यवस्थित चालत होत्या. ऐन लग्नसराईत फोटोशॉपला रॅम पुरेना म्हणून ओळखीच्या दुकानातून आणखी ८-८ ची जोडी घेतली. कंपनी वेगळी, टायमिंग वेगळं. दुकानदारानं चारही बसवल्या, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम कंपनीनं सांगितलेल्या जास्तीच्या वेगावर चालवणारं सेटिंग) चालू केलं, विंडोजमध्ये ३२ जीबी दाखवले आणि पैसे घेतले.

मशीन सुरूच झालं नसतं तर परवडलं असतं. ते सुरू राहिलं. झिप उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची खूण) यायची, तीच फाइल परत उघडली की नीट उघडायची. कार्डावरून कॉपी केलेल्या काही फोटोंचा खालचा अर्धा भाग नुसता करडा. हळदीचे फोटो परत काढता येत नाहीत! अल्बम छापून हातात येईपर्यंत मी कार्ड पुसत नाही, म्हणून ते वाचले. दुकानदार म्हणाला, "विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारू." मारलं. मग म्हणे एसएमपीएस (पॉवर सप्लाय). मग हार्ड डिस्क.

शेवटी मीच पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर घेऊन रात्रभर लावून ठेवलं. सकाळी स्क्रीनभर लाल एरर. जुनी जोडी एकटी लावली, साफ. नवी एकटी, तीही साफ. चारही एकत्र ३२०० वर लावल्या की एरर. म्हणजे खराब एकही स्टिक नव्हती. एक्सएमपीचा वेग त्या-त्या किटपुरताच (एकत्र विकलेल्या स्टिकपुरताच) तपासलेला असतो, आणि चार स्टिकचा ताण प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर येतो. एएमडीनंच या प्रोसेसरला चार स्टिक असतील तर सिंगल रँकला (स्टिकवर चिपचा एकच गट) २९३३ आणि ड्युअल रँकला (दोन गट) २६६७ एवढाच वेग दिलाय. मी २६६७ वर आणलं, तेव्हापासून एक फाइल बिघडलेली नाही. अल्बमच्या कामात फरक जाणवतही नाही.

हे दाखवल्यावर दुकानदाराचं उत्तर: "एवढी मशीन दिली, कुणाची तक्रार नाही." तक्रार येणार कुठून? गिऱ्हाईक विंडोजला दोष देतं, परत फॉरमॅट मारून घेतं आणि त्याचेही पैसे ह्यालाच देतं. रॅम विकणाऱ्यानं ती तपासून द्यायची असते. रात्रभर मेमटेस्ट लावतो म्हणाला तरच त्याच्याकडून घ्या, नाहीतर दुसरं दुकान बघा.

तुमच्या ८ आणि १६ चं म्हणाल तर दोनच स्टिक आहेत, ताण कमी. दोन्ही संथ स्टिकच्या वेगानं चालतील. बऱ्याच बोर्डांवर दोन्ही स्टिकची ८-८ मिळून १६ जीबी ड्युअल चॅनलमध्ये (दोन वाटांनी एकदम, म्हणून वेगात) जाते आणि मोठ्या स्टिकची उरलेली ८ सिंगलमध्ये, त्यानं काही अडत नाही. एक्सएमपी बंद ठेवून सुरुवात करा, मेमटेस्ट साफ आली की मग वाढवून बघा. एकाच मॉडेल नंबरची घेतली तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, त्यामुळे टेस्ट तेव्हाही करायचीच.

आणि हो, हे सगळं डीडीआर४ रॅमचं. त्यानंतरच्या पिढीच्या डीडीआर५ वर चार स्टिक लावल्या की वेग आणखी खाली येतो. तिथं जुनी विकून टाका आणि दोन स्टिकचं एकच किट घ्या.