थोरलीनं किंमत का विचारली?

"मावशी, आम्ही मंगळवार पेठेत राहतो. धाकटा बारा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी शाळेचा डबा तसाच परत आणायला लागला, कुणीतरी त्यात औषध घालतंय म्हणायचा. मग रात्री कपाटाशी बोलणं सुरू झालं. वाडीला जाऊन आलो, अंगारे लावले. शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितलं. गोळ्यांनी थोडा फरक आहे. घरात आणि पाहुण्यांत आम्ही 'ताप डोक्यात गेला' असंच सांगतो. माझं काय चुकलं? दिवस गेले असताना मी फार कामं केली म्हणून झालं का? दरवर्षी एमआरआय काढला तर मेंदू किती खराब झालाय ते कळेल का? थोरली पंधराची, दहावीला आहे. ती लई शहाणी, तिचा काही त्रास नाही. परवा विचारत होती, आई, डोक्याच्या स्कॅनला किती पैसे लागतात गं? भावात फार जीव आहे तिचा."

चार पानी पत्रातलं एवढंच इथं छापलंय. चार पानांत धाकट्याच्या बापाचा उल्लेख एकदा, तोही मॅच बघायला गेला होता म्हणून. आणि थोरलीच्या वाट्याला शेवटच्या चार ओळी.

बाई गं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर नंतर देते. आधी तिच्या प्रश्नाचं बघू.

पंधरा वर्षांची पोर एखाद्या गोष्टीची किंमत कधी विचारते? ती स्वतःला हवी असते आणि मागायची चोरी असते तेव्हा. सँडलची विचारते, सहलीची विचारते. भावासाठी विचारायचं असतं तर म्हणाली असती, त्याचा स्कॅन कधी काढायचा? डॉक्टर काय म्हणाले? ती थेट पैशावर आली. तिला स्वतःच्या डोक्याचा फोटो काढून हवाय. तीस वर्षं मुलींना शिकवलंय मी, यावर पैज लावायला तयार आहे.

'ताप डोक्यात गेला' ही थाप पाहुण्यांना पचेल. दहावीतल्या मुलीला नाही. तुमच्या घरात फाईल कुठं ठेवलेली असते? कपाटात, साड्यांखाली? तिनं ती कधीच वाचली असणार. मग मोबाईलवर ते नाव टाकलं असणार आणि 'भावंडांना धोका जास्त' या ओळीवर येऊन थांबली असणार. आता रात्री अभ्यासाला बसली की गल्लीतून कुणी हाक मारली का, आपलंच नाव घेतलं का, का आपल्यालाच भास झाला, हे ती तपासत असेल. झोपेच्या उंबरठ्यावर आपल्याच नावाची हाक ऐकू येणं भल्याभल्यांना होतं. पण हे तिला सांगणार कोण? ज्या घरात आजाराचं नावच घेत नाहीत, तिथं ती विचारणार तरी कुणाला? म्हणून ती शहाणी झालीय. त्रास न देणं हा तिचा स्वभाव आहे असं तू धरून चाललीस, हे मला अजिबात पटलेलं नाही.

आता माहिती. ही तुला देतेय, पण खरी तिच्यासाठी आहे. नीट वाच.

तेराव्या वर्षाच्या आत सुरू होणारा स्किझोफ्रेनिया फार दुर्मिळ. ४०,००० मुलांत एखाद्याला, असा अंदाज सांगतात. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रॅपोपोर्ट या डॉक्टरीणबाईंनी १९९० पासून अशा मुलांचा अभ्यास सुरू केला. साधारण दोन-दोन वर्षांनी त्याच मुलांना परत बोलवायचं आणि मेंदूचा एमआरआय काढायचा, असं वर्षानुवर्षं. वयात येताना सगळ्याच मुलांच्या मेंदूचा वरचा करडा थर थोडा पातळ होतो. शेतात दाट उगवलेली रोपं विरळतात ना, तसं. मेंदूच्या पेशींमधले जास्तीचे जोड काढून टाकायचे, कामाचे ठेवायचे. या आजाराच्या मुलांत ही विरळणी प्रमाणाबाहेर आणि घाईनं होते. २००१ साली अशा १२ मुलांचे पाच वर्षांचे स्कॅन एकमेकांशी ताडून बघितले, तेव्हा ही विरळणीची लाट डोक्याच्या माथ्याखालच्या भागातून निघून कानशिलांच्या आत आणि मग कपाळामागे सरकताना दिसली. मेंदू 'खराब होणं' किंवा सडणं नव्हे हे. वाढीचीच एक वाट, पण वेग चुकलेली.

आणि आता जिच्यासाठी एवढं पुराण लावलं ती गोष्ट. त्याच संस्थेतल्या नितीन गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (आडनाव वाचून मला उगाचच माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं) या मुलांच्या ५२ सख्ख्या भावंडांचेही स्कॅन तपासले. आजार नसलेली, धडधाकट भावंडं. २००७ साली ते छापून आलं. लहान वयात या भावंडांचाही थर कपाळामागे आणि कानशिलांत पातळ होता. पण विसाव्या वर्षापर्यंत तो फरक भरून निघाला. पोरं बरोबरीला आली.

याचा अर्थ तुला कळला का? उद्या कर्ज काढून थोरलीचा स्कॅन केलास आणि त्यात काही कमी दिसलं, तरी आजार आहे असं होत नाही. काही दिसलं नाही, तरी ती हमी नव्हे. हे सगळे निष्कर्ष अनेक मुलांच्या सरासरीतून निघतात. एका मुलीचा फोटो बघून हिला होणार की नाही हे सांगणारा डॉक्टर अजून जन्माला यायचाय. धाकट्यालाही तेच लागू. त्याचा एकदा स्कॅन काढायला सांगितलाच, तर गाठ, सूज असं दुसरं काही नाही ना हे बघायला. दरवर्षी काढून मेंदूचा हिशेब लागत नाही. ते पैसे ठेव.

तुझं काय चुकलं? काही नाही. १९४८ साली एका नामवंत मानसोपचारतज्ज्ञ बाईंनीच या आजाराचं खापर आईवर फोडणारा शब्द काढला होता. पुढे तो टाकूनही दिला. इतक्या वर्षांनी तू तो उचलून डोक्यावर घेऊ नकोस. गोळ्या आपल्या मनानं थांबवू नकोस, एवढंच. या प्रश्नावर मी याहून एक ओळ जास्त खर्च करणार नाही, कारण तू त्यावर दोन पानं खर्च केलीस आणि मुलगी तशीच राहिली.

तेव्हा एकच काम कर. या रविवारी संध्याकाळी धाकट्याला बापाजवळ सोड आणि थोरलीला घेऊन रंकाळ्यावर जा. दोघीच. भेळ घ्या, कट्ट्यावर बसा. समोरासमोर नको, शेजारी शेजारी, दोघींची तोंडं पाण्याकडे. अशा गोष्टी डोळ्यात बघून बोलवत नाहीत. आणि आजाराचं नाव घे. स्किझोफ्रेनिया. तुझ्या पत्रात तो शब्द एकदाच आलाय, तोही आधी खोडून परत लिहिलेला. तिच्यासमोर न खोडता म्हण.

ती लगेच काही बोलणार नाही. भेळेतली कैरी निवडत बसेल. मग कधीतरी विचारेल, मला होईल का गं?

तेव्हा 'गप, असलं अभद्र बोलू नये' म्हणालीस तर सगळं पाण्यात गेलं म्हणून समज. खरं सांग. एरवी शंभरातल्या एकाला होणारा हा आजार, सख्ख्या भावंडांत शंभरातल्या साधारण दहा जणांना होतो. म्हणजे नव्वद जणांना होत नाही. ५२ भावंडांची गोष्ट सांग. आणि सांग, की कधी खरंच काही ऐकू आलं, झोप उडाली, तर मला रात्री दोनलाही उठव, आपण त्याच डॉक्टरांकडे जाऊ, लपवायचं काही नाही. माझ्याशी बोलवत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तो तिच्या मोबाईलमध्ये तिथंच, कट्ट्यावर बसल्या बसल्या घालून दे.

नवरा म्हणेल, रविवारी जमायचं नाही, शाहू स्टेडियमवर मॅच आहे. त्याला म्हणावं, मावशीनं सांगितलंय, यावेळी स्कोअर मोबाईलवर बघ.

— मावशी