लघवी तपासायला एम.एस्सी. कशाला?

सांगलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला, मुख्य विषय केमिस्ट्री. प्राण्यांना हात न लावता त्यांच्या लघवीतून हार्मोन मोजतात, असा एक व्हिडिओ तिनं पाहिला आणि 'मला हेच करायचंय' म्हणून बसली आहे. वडील म्हणतात, लघवीच तपासायची तर डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) कर आणि इथल्याच एखाद्या लॅबमध्ये लाग. 'तिला काय सांगू?' असं आई विचारतात.

नमस्कार ताई,

डीएमएलटीत वावगं काही नाही, पण ते काम वेगळं. तिथं तयार किटवर ठरलेली तपासणी करायची असते. तुमची लेक म्हणतेय त्यात तपासणीच नव्यानं बसवावी लागते, आणि तिचा आकडा खरा आहे हे आधी सिद्ध करून दाखवावं लागतं.

रक्त घ्यायचं तर जंगली प्राण्याला पकडावं लागतं. पकडल्यावर काही मिनिटांत त्याचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, चढतं. म्हणजे ताण मोजायला गेलो आणि आपणच दिलेला ताण मोजून आलो. लघवीत मागच्या काही तासांचा हिशेब जमा असतो. जायंट पांडाची मादी वर्षातून एकदाच माजावर येते आणि गर्भ राहू शकेल असा काळ जेमतेम एक ते तीन दिवसांचा. मग प्राणिसंग्रहालयातले लोक पिंजऱ्याच्या फरशीवरची लघवी सिरिंजनं ओढून घेतात, त्यातलं इस्ट्रोजेन रोज मोजतात आणि चढलेला आकडा घसरला की कृत्रिम रेतनाची तयारी करतात. आफ्रिकेत चिंपांझींच्या मागे फिरणारे संशोधक झाडाच्या पानांवरचे थेंब पिपेटनं उचलतात. नाक मुरडू नका. मेडिकलमध्ये मिळणारी प्रेग्नन्सी किट याच कुळातली. त्या पट्टीवरच्या अँटिबॉडी लघवीतलं एचसीजी हार्मोन धरून ठेवतात, म्हणून दुसरी रेघ उमटते.

आता खरी मेख. इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉलसारखी हार्मोन्स बहुतांशी जशीच्या तशी लघवीत उतरत नाहीत. यकृत त्यांची मोडतोड करतं, त्यांना ग्लुकुरोनिक ॲसिड किंवा सल्फेट जोडतं, मग मूत्रपिंड ती बाहेर टाकतं. कुठल्या प्राण्यात कुठलं रूप जास्त येईल, हे वेगवेगळं. त्यामुळे माणसासाठीची किट माकडाला लावली की आकडा येतो, पण तो कशाचा हे सांगता येत नाही. दुसरी अडचण पाण्याची. सकाळची पहिली लघवी दाट, दोन तांबे पाणी पोटात गेलं की पातळ. हार्मोन तेवढंच असलं तरी आकडा पडतो. म्हणून त्याच नमुन्यातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून साधारण एकसारख्या वेगानं बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) मोजून हार्मोनच्या आकड्याला त्यानं भागतात, किंवा विशिष्ट गुरुत्वावरून दुरुस्ती करतात.

हे सगळं केमिस्ट्रीच आहे, ताई. म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: तिनं विषय बदलून झूलॉजीला जाऊ नये. प्राण्यांची आवड असलेली मुलं ढिगानं येतात. एलसी-एमएस, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणारं यंत्र, त्याच्यासमोर बसून आकडा का हलला ते सांगणारी फार थोडी.

हे काम तिला जमेल का, आवडेल का, ते कॉलेजातच कळेल. क्रिएटिनिनसाठी जाफे रिॲक्शन आहे: अल्कलीतल्या पिक्रिक ॲसिडमध्ये लघवी मिसळली की तिच्यातल्या क्रिएटिनिनमुळे पिवळ्याचं नारिंगी होतं आणि ते कलरीमीटरवर वाचता येतं. स्वतःचेच नमुने घ्यावेत, एक सकाळी उठल्यावरचा, एक लिटरभर पाणी प्यायल्यानंतरचा. मात्र सर किंवा मॅडम समोर असतानाच, कारण पिक्रिक ॲसिड कोरडं पडलं तर स्फोटक होतं. एकच नमुना तीनदा मोजून तीन वेगळे आकडे आले आणि तिला कंटाळा न येता चीड आली, तर समजा पोरगी या कामाची आहे.

नोकरीचं खरं सांगायचं तर निव्वळ वन्यजीवांच्या हार्मोनवर काम करणाऱ्या लॅब देशात मोजक्याच. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेची लॅकोन्स ही लुप्तप्राय प्राण्यांवरची लॅब त्यातली ठळक, आणि तिथंही भर विष्ठेवर आहे. आपल्या जंगलात वाघाची लघवी मिळवणार कशी? पण हात एकदा या मोजमापावर बसला की दारं पुष्कळ. मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावरची संस्था आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेत खेळाडूंच्या लघवीतलं टेस्टोस्टेरॉन आणि एपिटेस्टोस्टेरॉन यांचं गुणोत्तर पाहतात. ते चारच्या वर गेलं की पुढची कसून तपासणी. औषध कंपन्यांचे बायोॲनालिटिकल (रक्त-लघवीतलं औषध मोजणारे) विभाग आणि किट बनवणाऱ्या कंपन्या आहेतच. वडिलांना हे सांगा. त्यांची काळजी रास्त आहे.

वाट साधारण अशी: ॲनालिटिकल केमिस्ट्री किंवा बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी., आणि प्रोजेक्ट कुठलाही मिळो, मास स्पेक्ट्रोमीटर (एलसी-एमएसमधलं रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र) किंवा एलायझा (अँटिबॉडीनं मोजण्याची पद्धत) यांवरचाच घ्यायचा. पुढं पीएच.डी. करायची असेल तर सीएसआयआर-नेट ही परीक्षा. तीतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये विद्यावेतन, वर घरभाडं; म्हणजे त्या वर्षांचा भार तुमच्यावर नाही. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती फेब्रुवारीत असते, अर्ज साधारण सप्टेंबरपासून निघतात आणि शेवटच्या वर्षाची मुलंही बसू शकतात. तारखा तिनं स्वतः पाहाव्यात, आणि केमिस्ट्रीचाच पेपर भरावा.