डॉक्टरांना विचारा : पोर ठणठणीत आहे, मग इंजेक्शन कशाला?

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. श्रावणात त्याचा घसा दुखून ताप आला, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी दोन दिवसांत उतरला. गणपतीच्या सुमारास गुडघा सुजला. तो ओसरतो तोच घोटा, मग मनगट. शेजारी म्हणाले, वाढीचं वय आहे. डॉक्टरांनी एको (हृदयाची सोनोग्राफी) करायला पाठवलं, तर हृदयाची एक झडप थोडी गळते असं निघालं. आता दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलंय, तेही कित्येक वर्षं. तो आता खेळतो, पळतो. इंजेक्शनच्या दिवशी मात्र रडून घर डोक्यावर घेतो. सासूबाई म्हणतात, पोर ठणठणीत आहे, बंद करा. करू का? धाकट्या मुलीलाही हे होईल का?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, बंद करू नका. सासूबाईंनाही हे उत्तर वाचून दाखवा, कारण त्यांची शंका अगदी स्वाभाविक आहे.

मुलाला झाला तो सांधेवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फीवर. त्याचं मूळ श्रावणातल्या त्या घशात आहे. स्ट्रेप्टोकोकस (थोडक्यात स्ट्रेप) नावाचा जंतू घशात बसतो. औषध न घेताही तो घसा चार-पाच दिवसांत बरा वाटू लागतो, आणि इथेच सगळे फसतात. जंतू पुरता जायला पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण १० दिवस घ्यावं लागतं. तो राहिला, तर काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी शरीराची संरक्षण यंत्रणा जंतूसोबत स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयावरही उठते, कारण जंतूच्या आवरणातली काही प्रथिनं आपल्या हृदयातल्या प्रथिनांसारखी असतात. सांधे काही दिवसांत जसेच्या तसे होतात. झडपेचं तसं नाही. आम्हाला शिकताना सांगायचे, हा आजार सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो.

एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला पुन्हा स्ट्रेपचा घसा झाला, तर ताप उलटण्याचा धोका खूप मोठा असतो आणि प्रत्येक फेरीत झडप आणखी बिघडते. तुमचं इंजेक्शन जुन्या दुखण्यासाठी नाहीच, ते पुढचा घसा होऊ नये म्हणून आहे. एका इंजेक्शनचा अंमल साधारण तीन आठवडे पुरतो, चौथ्यात उतरतो, म्हणून २१ दिवस. झडपेला बाधा असेल तर किमान १० वर्षं, बहुधा त्याहूनही पुढे. कधी थांबायचं ते एको पाहून हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील, घरी ठरवायचं नाही.

सरकारी रुग्णालयात शिकत असताना प्रसूतीच्या वॉर्डात मी विशीतल्या मुली पाहिल्या, सातव्या महिन्यात दम लागून रात्रभर उशीला टेकून बसलेल्या. गरोदरपणात हृदयावरचं काम वाढतं, तेव्हा कुठे कळायचं की झडप लहानपणीच अरुंद झाली आहे. विचारलं तर आई सांगायची, 'हो, शाळेत असताना हिचे गुडघे सुजायचे.' त्यांच्या वेळी कुणी एको केला नाही. तुमच्या मुलाचा झालाय, झडप अजून थोडीच गळते. ही वेळ हातातून घालवू नका.

दुखण्याचं म्हणाल, तर हे इंजेक्शन खरंच दुखतं. औषध दाट, पांढरं, सुईही जाड. पण त्रास कमी करता येतो. पातळ केलेली कुपी आधी तळहातात धरून कोमट करावी, टोचायच्या जागी अंगठ्याने दहा सेकंद घट्ट दाबावं, औषध अगदी सावकाश सोडावं. त्यात बधिर करणारं लिग्नोकेन मिसळता येतं, डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. रिॲक्शन क्वचितच येते, पण इंजेक्शन दवाखान्यातच घ्या आणि नंतर अर्धा तास तिथे थांबा. २१ दिवसांचा फायदा असा की वार बदलत नाही: बुधवार धरलात, तर दर तिसरा बुधवार. कॅलेंडरवर वर्षभराच्या खुणा आजच करून टाका.

मुलीला भावाचा सांधेवात लागणार नाही. स्ट्रेपचा घसा मात्र एकाचा दुसऱ्याला लागतो. तिला ताप येऊन गिळताना दुखू लागलं, जबड्याखालच्या गाठी हाताला दुखऱ्या लागल्या आणि सर्दी-खोकला नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. घसा धरल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तरी सांधेवात टळतो.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ५८) पाठीवर सारखी गळवं होतात. घरात घशासाठी आणलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या आहेत, त्या देऊ का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : देऊ नका. गळवं बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकसमुळे होतात आणि हा जंतू स्ट्रेपचा भाऊबंद नाही. पेनिसिलिन तोडणारं रसायन तो स्वतःच तयार करतो, म्हणून साध्या अमॉक्सिसिलिनला बहुधा दाद देत नाही. स्ट्रेपवर मात्र पेनिसिलिन आजही पूर्ण चालतं. मोठं गळू डॉक्टरांकडून फोडून निचरा करून घ्यावं लागतं. घरी पिळू नका, नाक-ओठांच्या भागातलं तर मुळीच नाही. पुन्हा पुन्हा होतात म्हणता, तर पू तपासायला पाठवायला सांगा. आणि या आठवड्यातच वडिलांची उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर तपासून घ्या. या वयात मधुमेहाचा पहिला पत्ता कित्येकदा गळवांमुळेच लागतो.