'मानणे', 'संशय' आणि नात्र संशयः

प्रश्न असा आला आहे: "'देव मानणाऱ्यांकडे आणि ज्योतिष मानणाऱ्यांकडे वैज्ञानिकांनी सारख्याच संशयाने पाहावं' या वाक्यात 'मानणे' आणि 'संशय' हे शब्द योग्य आहेत का?"

व्याकरणाची चूक नाही. पण दोन्ही शब्द निसरडे आहेत आणि वाक्यावरून होणारा वाद बराचसा तिथेच पाय घसरून होतो.

'संशय' आपण बहुतेक वेळा माणसावर घेतो. संशयी स्वभाव, संशयाचं भूत, पोलिसांचा संशयित. शंका विचारता येते आणि फिटते. 'एक संशय विचारू का?' असं कोणी म्हणत नाही. इथे मी 'चिकित्सा' वापरेन. हा शब्द 'कित्' धातूपासूनचा. त्याला 'वि' लागला की 'विचिकित्सा', म्हणजे शंका. कठोपनिषदात नचिकेता यमासमोर हाच शब्द काढतो: 'येयं प्रेते विचिकित्सा मनुष्ये'. माणूस मेल्यावर उरतो की नाही, कोणी हो म्हणतात, कोणी नाही. साक्षात यमाला शंका विचारलेली चालते, तर वैज्ञानिकाने विचारली म्हणून कुणाला राग यायचं कारण नाही.

'मानणे' त्याहून गुंतागुंतीचं. 'क्ष = 5 मानू' इथे ते तात्पुरतं गृहीत आहे, गणित संपलं की सोडून द्यायचं. 'त्या गवयाला मी मानतो' म्हणताना गवई आहे की नाही हा प्रश्नच नसतो. तिथे आदर आहे. 'हार मानली' यात शरणागती आहे. 'देव मानतो' मध्ये अस्तित्वाची खात्री, आदर, शरणागती असं सगळं एकत्र मुरलेलं असतं, प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. 'पत्रिका मानतो' मध्ये मात्र एकच अर्थ उरतो: तिच्यात सांगितलेलं खरं ठरतं. फरक पाहायचा तर क्रियापद तेच ठेवून नाम बदला. 'देवाचे आभार मानतो' रोज ऐकू येतं. 'पत्रिकेचे आभार मानतो' मी तरी ऐकलेलं नाही.

'फलज्योतिष' या शब्दात तर दावा नावातच आहे. फल सांगितलं की ते मिळालं का हे मोजता येतं आणि ते मोजलं गेलेलं आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका मिसळून प्रत्येक ज्योतिषाला 40 दिल्या. कोणती कुणाची ते ओळखायचं. 2009 साली 'करंट सायन्स' या विज्ञानविषयक नियतकालिकात निष्कर्ष आले: 27 ज्योतिषांची उत्तरं, त्यातली बरोबर 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी साधारण 50 आली असती.

आता धर्माला इथे सूट आहे का? मला वाटतं, नाही. स्तोत्राच्या शेवटी फलश्रुती असते, म्हणजे ते म्हटल्याने काय मिळेल ते. संकटनाशन गणेशस्तोत्रात 'षड्भिर्मासैः फलं लभेत्' अशी सहा महिन्यांची मुदत आहे, आणि पुढे वर्षभरात सिद्धी, 'नात्र संशयः', म्हणजे यात संशय नाही! तुमच्या वाक्यातला शब्द तिथे आधीच येऊन बसलाय. मुदत घालून दिलेलं फल हे विधान झालं, मग ते पोथीत असो की पत्रिकेत. दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेचं फल मिळतं का हे पाहायला हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1,802 रुग्णांवर असाच एक प्रयोग झाला, 2006 साली तो प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होईलच अशी खात्री नसलेल्यांत, प्रार्थना झालेल्या 52 टक्क्यांना आणि न झालेल्या 51 टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर त्रास झाला. प्रार्थना होणारच असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात 59 टक्के.

'देव आहे' एवढंच म्हणून कोणी थांबला, काही फल सांगितलं नाही, तर प्रयोगशाळेला धरायला काही सापडत नाही. तिथे वैज्ञानिक गप्प बसला म्हणजे त्याने होकार दिला असं समजणारे भेटतात, तेही चूकच.

तेव्हा तुमच्या वाक्यातला 'सारख्याच' मी ठेवेन, बाकीचं बदलेन: 'फल सांगणाऱ्या कुठल्याही विधानाची वैज्ञानिकांनी सारखीच चिकित्सा करावी.' 'मानणारे' मुद्दाम गाळलेत. ते राहिले की 'चिकित्सा' लिहूनही वाचणारा 'संशय'च वाचतो.