गिमारायंस रोझा: आधी अधिकारी की आधी लेखक?

तुमचे प्रश्न दोन आहेत. ब्राझीलचा जुआंव गिमारायंस रोझा मुळात मुत्सद्दी होता की लेखक, आणि हॅम्बुर्गमध्ये ज्यूंना वाचवणारा तोच का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्याबाबत अर्धवट माहिती बरीच फिरते.

१९३८ साली रोझा नाझी जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये ब्राझीलच्या वाणिज्य दूतावासात रुजू झाला. ब्राझीलमध्ये तेव्हा हुकूमशहा व्हार्गासची राजवट होती आणि ज्यूंना व्हिसा देऊ नये असं गुप्त परिपत्रक १९३७ मध्येच निघालं होतं. दूतावासातला पासपोर्ट विभाग बघायची आरासी दे कार्व्हाल्यो. अर्जदार ज्यू आहे हे कागदावर दिसू द्यायचं नाही, आणि इतर कागदांच्या गठ्ठ्यात घालून वरिष्ठांची सही घ्यायची, अशी तिची रीत. तिला राजनैतिक संरक्षण नव्हतं, म्हणजे उघडकीस आलं असतं तर काय झालं असतं याचा विचारच न केलेला बरा. रोझाला सगळं माहीत होतं आणि तो तिच्या पाठीशी उभा राहिला. त्याचं श्रेय तेवढंच. याद वाशेम या इस्रायलमधल्या ज्यू-संहाराच्या स्मारक संस्थेनं १९८२ मध्ये सन्मान केला तो आरासीचा. पुढे दोघांनी संसार थाटला. दोघंही आधीच्या लग्नातून वेगळे झालेले, आणि ब्राझीलमध्ये १९७७ पर्यंत घटस्फोटाचा कायदाच नव्हता, म्हणून तिथे रीतसर दुसरं लग्न शक्य नव्हतं. रोझाची एकमेव कादंबरी 'ग्रांजि सेर्तांव: व्हेरेदास' तिलाच अर्पण केलेली आहे.

आता पहिला प्रश्न. माणूस खरं तर तिसऱ्याच पेशातला, डॉक्टर. जन्म १९०८ चा, मिनास जेराइस प्रांतातल्या कोर्दिसबुर्गो या गावी. वडिलांचं दुकान होतं. गुराखी तिथे टेकायचे, गप्पा रंगायच्या आणि पोरगा ऐकत बसायचा. (याच प्रांतात आपल्याकडच्या गीर आणि कांकरेज गुरांचा वंश वाढला, हे जाता जाता.) १९३० मध्ये पदवी घेऊन त्यानं इटाग्वारा या खेड्यात दवाखाना चालवला. नंतर लष्करी पथकात वैद्यकी केली, पण जीव रमला भाषांमध्ये. १९३४ मध्ये परराष्ट्र खात्याची परीक्षा देऊन तो आत शिरला.

नोकरीनं लेखन अडवलं का? काही काळ नक्कीच. 'सागाराना' या त्याच्या पहिल्या पुस्तकातल्या कथांचं बाड १९३८ च्या एका स्पर्धेत टोपणनावानं गेलं आणि दुसरं आलं. परीक्षकांत कादंबरीकार ग्रासिलियानू रामुस होता, त्यानं विरोधात मत दिलं. मग हॅम्बुर्ग आणि बॉम्बहल्ले. १९४२ मध्ये ब्राझीलनं जर्मनीशी संबंध तोडल्यावर बाडेन-बाडेनमध्ये काही महिने नजरकैद, आणि अखेर जर्मन मुत्सद्द्यांच्या बदल्यात सुटका. तिथून कोलंबियात, बोगोटाला बदली. पुस्तक निघालं १९४६ मध्ये, पुष्कळ काटछाट होऊन. हा उशीर पुस्तकाच्या पथ्यावर पडला असं माझं मत आहे.

पॅरिसची बदली आटोपून परतल्यावर, १९५२ च्या मे महिन्यात, त्यानं मान्वेलझांव नावाच्या अनुभवी गुराख्याबरोबर गुरांचा तांडा हाकत सेर्तांव, म्हणजे तो आतला कोरडा, विरळ वस्तीचा मुलूख, पालथा घातला. गळ्यात वही अडकवलेली. झाडं, पक्षी, गुरांचे रंग, म्हणी, जे दिसेल आणि ऐकू येईल ते टिपलं. त्याच्या टिपणवह्यांत काही शब्दांपुढे 'म' आणि टक्क्याची खूण आढळते. त्याचा अर्थ: हे ऐकलेलं नाही, शंभर टक्के माझं. ही शिस्त मला फायली हाताळणाऱ्या माणसाची वाटते. नोंद कुणाची आणि भर कुणाची, याचा हिशेब चोख. १९५६ मध्ये एकाच वर्षात 'कोर्पु जि बायलि' आणि 'ग्रांजि सेर्तांव' अशी दोन जाडजूड पुस्तकं आली, त्यामागे हे टिपणकाम आहे.

त्यानंतरही नोकरी सुटली नाही. १९५८ मध्ये राजदूताच्या दर्जाची बढती मिळाली, पण तो रिओतच राहिला आणि १९६२ पासून सीमा आखणी विभागाचा प्रमुख झाला. पाराग्वाईबरोबरचा सेती केदास धबधब्याजवळचा सीमावाद त्याच काळात पेटला होता. १९६६ मध्ये दोन्ही देशांत समझोता झाला आणि त्यातूनच पुढे इताइपू धरण उभं राहिलं. लेखकाच्या चरित्रांत हा भाग दोन ओळींत उरकतात. मला ते खटकतं, कारण सीमेच्या फायली चाळणारा माणूस आणि 'सेर्तांव' लिहिणारा माणूस एकच होता.

ब्राझीलच्या साहित्य अकादमीत तो १९६३ मध्ये निवडून आला, पण भावनेचा भार झेपणार नाही या धास्तीनं पदग्रहण चार वर्षं टाळत राहिला. शेवटी १६ नोव्हेंबर १९६७ ला समारंभ झाला आणि १९ तारखेला हृदयविकारानं गेला, वयाच्या ५९ व्या वर्षी. आरासी मात्र २०११ पर्यंत होती.

वाचायला सुरुवात करायची तर कादंबरीपासून करू नका. जुना इंग्रजी अनुवाद १९६३ चा आहे, त्यात गोष्ट कळते पण भाषेचा खेळ गेला आहे. १९६२ च्या कथासंग्रहातली 'नदीचा तिसरा किनारा' घ्या. एक बाप होडी बनवून घेतो, नदीच्या मध्यावर जाऊन राहतो आणि परत येतच नाही. मोजकी पानं आहेत. ती आवडली तर 'सागाराना', आणि मगच 'ग्रांजि सेर्तांव'.