‘आयडा’ला नकार

प्रश्न : ताई, माझी लेक एकोणीस वर्षांची आहे, पाश्चात्त्य गाणं शिकते. लिओन्टिन प्राइस नावाच्या गायिकेचं ‘ओ पात्रिया मिया’ दिवसभर लावते आणि तेच शिकायचं म्हणते. तिच्या बाई ‘दहा वर्षांनी बघू’ म्हणतात, म्हणून घरात रडारड. बाई मागे तर खेचत नाहीत ना? आणि खरं सांगू, मला त्या गाण्यातला एक शब्द कळत नाही. नुसतं ‘आ’ ऐकू येतं. (एक आई, पुणे)

उत्तर : आधी तुमच्या ‘आ’बद्दल, कारण तुमचा कान चोख आहे. ते गाणं ‘आयडा’ या ऑपेरातलं, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकातलं. त्याच्या शिखरावर सोप्रानोचा, म्हणजे बायकांच्या सगळ्यात उंच आवाजाचा, वरचा ‘सी’ लागतो, म्हणजे सेकंदाला हजाराहून अधिक कंपनं. ‘इ’ आणि ‘उ’ ओळखू यायला जो नाद तोंडात घुमावा लागतो तो साधारण तीनशे कंपनांच्या आसपासचा. गळा त्याच्या कितीतरी वर गेला की सगळे स्वर ‘आ’कडेच झुकतात. शिवाय समोर अख्खा वाद्यवृंद, माईक नाही. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायला गायिका जबडा सैल सोडून मोठं तोंड उघडते. तिथं मराठी गायलं असतं तरी तुम्हाला कळलं नसतं.

आता प्राइसबाई. जन्म १९२७, मिसिसिपीतलं लॉरेल. वडील लाकडाच्या गिरणीत, आई सुईण आणि चर्चच्या गायनवृंदात गाणारी. पोरीसाठी पियानो घ्यायचा तर पहिल्या हप्त्याला घरातला फोनोग्राफ दिला. पुढे ती ओहायोत शिकायला गेली ती शाळेत संगीत शिकवायचं म्हणून. तिथून न्यूयॉर्कचं ज्युलियार्ड हे संगीत विद्यालय.

तुमच्या लेकीला यातली एकच तारीख सांगा. रंगमंचावर पहिली ‘आयडा’ प्राइस गायली १९५७ साली, सॅन फ्रान्सिस्कोत, तेव्हा ती तीस वर्षांची होती. तीही दुसरी गायिका ऐनवेळी आजारी पडली म्हणून. लगेच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं, ज्याला सगळे मेट म्हणतात, ‘आयडा’साठीच विचारलं, आणि तिनं नाही म्हटलं! आयडा म्हणजे इजिप्तच्या राजवाड्यात गुलाम झालेली इथिओपियाची राजकन्या. काळ्या गायिकेनं मेटमध्ये पहिलं पाऊल टाकायचं ते गुलाम म्हणून नको, असा सल्ला तिला एका जाणत्या संगीत-दिग्दर्शकानं दिला होता. ती थांबली. २७ जानेवारी १९६१ ला ‘इल त्रोवातोरे’ या दुसऱ्या ऑपेरात लिओनोरा, म्हणजे राणीच्या दरबारातली मानकरी स्त्री, होऊन आली. शेवटी बेचाळीस मिनिटं टाळ्या पडल्या असं सांगतात. टाळ्या घड्याळ लावून कोण मोजतं मला माहीत नाही, पण ती रात्र मोठी होती यात शंका नाही.

पण गळा कुणाचंच ऐकत नाही, तिचंही नाही. त्याच वर्षी हंगामाचं उद्घाटन तिच्याकडे आलं, पुच्चिनीच्या ‘फान्चुल्ला’ या ऑपेरानं. दुसऱ्याच प्रयोगात आवाज बसत गेला. गाणं सुटलं, ओळी नुसत्या ओरडून म्हणत तिनं तो अंक कसाबसा पार पाडला. तिसऱ्या अंकाला दुसरी गायिका उभी राहिली.

हे वाचलं की माझा घसा आजही कोरडा पडतो. बाविसाव्या वर्षी मी एका नाट्यगीत स्पर्धेत अंगात ताप असताना हट्टानं काळी पाचात गायले. ढाल मिळाली. पुढचे चार महिने मी भाजीवाल्याशी खुणांनी बोलत होते, आणि तारसप्तकातला तो टपोरेपणा परत कधी आलाच नाही. ढाल माळ्यावर आहे. मला थांबवणारं कुणी नव्हतं. तुमच्या लेकीला बाई आहेत, त्यांना मागे खेचणाऱ्या म्हणू नका. ऐकू दे तिला दिवसभर. फक्त रेकॉर्डबरोबर गळा लावायचा नाही, एवढं बघा.

प्रश्न : ऑपेरात ‘वन्स मोअर’ असतो का हो? (एक नाट्यवेडे, सांगली)

उत्तर : इटलीत पूर्वी भरपूर चाले, आपल्या संगीत नाटकासारखाच. मेटमध्ये फार क्वचित. वर लिहिलेल्या प्राइसबाईंनी ३ जानेवारी १९८५ ला ऑपेरातून निरोप घेतला. या वेळी भूमिका स्वतःहून आयडाची. तिसऱ्या अंकात, नाईलच्या काठावर, ते ‘ओ पात्रिया मिया’ संपलं आणि टाळ्या थांबेचनात. चित्रीकरण आहे, जरूर पाहा. बाई वाकून नमस्कार करत नाहीत, पद पुन्हा घेत नाहीत. डोळे भरलेत, ओठ थरथरतायत, पण आयडा जागची हलत नाही. वाद्यवृंद वाट बघतो आणि मग पुढचा प्रवेश सुरू होतो.