अॅग्रीमेंट रजिस्टर नाही, मग मला हक्कच नाही का?

नमस्कार ताई,

तुमचा मेसेज दोनदा वाचला. म्हणजे पुण्यात वाकडला 2 बीएचके, भाडं 22 हजार, डिपॉझिट 1 लाख, 11 महिन्यांचं अॅग्रीमेंट पण 500 च्या स्टॅम्प पेपरवर नुसतं नोटरी केलेलं, आणि आता सातव्या महिन्यात मालक म्हणतायत मुलगा येतोय, 15 दिवसांत फ्लॅट खाली करा, पेंटिंगचे 35 हजार कापणार, नाहीतर लाइट बंद. वर एजंट म्हणतो कागद रजिस्टर नाही म्हणजे तुम्हाला हक्कच नाही.

एजंटने अगदी उलटं सांगितलंय बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा असा करार, लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे आणि ते करून घ्यायची जबाबदारी मालकाची, तुमची नाही. नाही केलं तर मालकाला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि खरी मेख पुढे आहे, वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत तुमचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. 11 महिन्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही हा समज कुठून आला तर 1908 च्या रजिस्ट्रेशन कायद्यात वर्षाच्या वरच्या लीजला (भाडेपट्ट्याला) रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे म्हणून, पण आपल्याकडे कलम 55 असल्यावर ती पळवाट चालत नाही.

लाइटचं म्हणाल तर कलम 29 प्रमाणे सबळ कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी-वीज तोडता येत नाही. आता त्यांचा वकील म्हणेल की या भाडेकरू नाहीतच, लायसन्सी आहेत, म्हणजे नुसती राहायची परवानगी मिळालेल्या, आणि खरंच तो वादाचा मुद्दा आहे, पण कागद रजिस्टर न करून त्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. कुलूप बदललं किंवा सामान बाहेर काढलं तर सरळ 112 लावा, व्हिडिओ काढून ठेवा.

तरी माझं ऐका, हट्टाने बसून राहू नका. मुदत संपल्यावरही राहिलात तर कलम 24 खाली दुप्पट भाडं मागतात. तुमच्या कागदात एक महिन्याची नोटीस लिहिलीय ना, तीच धरा. आजच व्हॉट्सअॅप करा आणि तेच स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा: "काका, करारात एक महिन्याची नोटीस आहे, त्याप्रमाणे अमुक तारखेला चावी देते, त्याच दिवशी डिपॉझिट खात्यावर जमा करा." फोनवर भांडू नका, त्याचा पुरावा राहत नाही. भाडं मात्र थांबवायचं नाही, आणि ते बँकेतून किंवा यूपीआयनेच द्या.

पेंटिंगचं काय लिहिलंय ते नीट बघा. काहीच नसेल तर सात महिन्यांत भिंत मळली हे नेहमीच्या वापरातलं झालं, त्याचे 35 हजार कसले? खिळ्यांची भोकं बुजवून द्या आणि प्रत्येक खोलीचे फोटो काढा. डिपॉझिट नाहीच दिलं तर मी वकिलाची नोटीस काढून देईन, मग दिवाणी दावा.

आणि पुढच्या घराला टोकन द्यायच्या आधी रजिस्ट्रेशनचं पक्कं करून घ्या. तुमच्याच आकड्यांवर स्टॅम्प ड्युटी पाव टक्क्याने सव्वासहाशेच्या आसपास आणि रजिस्ट्रेशन फी 1000 झाली असती, अंगठा द्यायला एजंट घरी मशीन घेऊन येतो. एवढ्यासाठी काकांनी कंजुषी केली.